अकरावीच्या वर्गात कापसाची पट्टी

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षिका विचारतात : "आमच्याकडची मुलं बहुतेक कापूस पिकवणाऱ्या नाहीतर मजुरीला जाणाऱ्या घरांतली आहेत. करिअरची दिशा, व्यापारातला प्रामाणिकपणा आणि गावात पुढाकार घ्यायची सवय या तीन विषयांवर वर्षभर उपक्रम घ्या, असं संस्थेनं सांगितलंय. तीन पाहुणे बोलावून तीन व्याख्यानं ठेवावीत असा विचार आहे. मुलांना पोलीस भरतीपलीकडे काही दिसत नाही. तुम्ही शेतकरी उत्पादक कंपनी चालवली, शाळांतही काम केलंत. काय करावं? शेवटी प्रमाणपत्रं द्यावीत का?"

उत्तर :

मॅडम, व्याख्यानं ठेवू नका. पाहुणा नागपूरहून येईल, पडद्यावर चाळीस कोर्सची यादी दाखवेल, मुलं टाळ्या वाजवतील आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळायला जातील. पळण्यात काही वाईट नाही. पण ती पळतात त्याचं कारण साधं आहे. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसं त्यांनी पाहिलीत ती मास्तर, तलाठी, कंडक्टर आणि पोलीस. जे दिसतं त्यातूनच माणूस निवडतो. म्हणून त्यांना जास्त कामं दिसतील असं काहीतरी करा, आणि तेही त्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीतून.

तुमच्या गावांतून विकला जाणारा एकच माल धरा. तुमच्याकडे तो कापूसच असणार. शेतातून निघाल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत त्या मालाच्या मागे मुलांना लावा. करिअर, व्यापारातली नीती आणि पुढारपण, तिन्ही त्याच वाटेवर भेटतात. वेगळे तास लागत नाहीत.

सुरुवात पट्टीपासून करा. दिवाळीनंतर प्रत्येकानं घरून कापूस विकल्याची एक पट्टी, म्हणजे वजन-भाव लिहिलेली पावती, आणायची. नाव दुमडून झाकायचं. पक्की पट्टी नसेल तर व्यापाऱ्यानं सिगारेटच्या पाकिटामागे लिहून दिलेली चिठ्ठी आणायची. तीही नसेल तर बापाला विचारून आकडे वहीत उतरवायचे. पहिल्या तासालाच लक्षात येईल की निम्म्या वर्गाकडे पक्की पट्टी नाही. हा शोध मुलांनी स्वतः लावलेला बरा. तुम्ही आधी सांगू नका.

मग फळ्यावर एक हिशेब मांडा. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुम्ही त्या आठवड्याचे खरे घ्या. समजा गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला क्विंटलला ७,१०० रुपये देतो आणि बाजार समितीत भाव ७,३०० आहे. मुलं म्हणतील, फरक दोनशेचा, गाडीभाड्यात शंभर गेले, मग गावात विकलेलंच बरं. आता चिठ्ठी खालपर्यंत वाचायला लावा. क्विंटलमागे दोन किलो कटती, म्हणजे वजनातून सरसकट कपात. काटा किलोभर मारलेला. म्हणजे शंभर किलोचे सत्त्याण्णव धरले, झाले ६,८८७. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, वीस दिवसांनी, आजच नगदी पाहिजे तर दोन टक्के आणखी कापणार. हातात पडले ६,७४९. बाजार समितीत भाडं शंभर आणि हमाली-तोलाई वीस वजा केली तरी ७,१८० उरतात. फरक ४३१ रुपयांचा, आणि दहा क्विंटलवर ४,३१०. ही रक्कम मुलांनी स्वतः काढली की वर्गात जी शांतता पसरते, तिच्यात पुढचा प्रश्न टाका : तरी तुमचा बाप गावातच का विकतो?

इथे घाई करू नका. या एका प्रश्नावर दोन-तीन तास गेले तरी चालतील, कारण उत्तरं मुलांच्या घरात आहेत. बियाणं आणि खत त्याच माणसाच्या कृषी केंद्रातून उधारीवर आणलेलं असतं. आठ-दहा क्विंटलसाठी गाडी परवडत नाही. पोरीचं लग्न तोंडावर असतं. आणि हमीभावाचं केंद्र? २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०. सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं केंद्राचं कापूस महामंडळ, आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, आठच्या वर दर टक्क्याला त्या प्रमाणात कापते आणि बाराच्या वर घेत नाही. म्हणजे त्या हमीभावानं दहा टक्के ओलाव्याचा लांब धाग्याचा कापूससुद्धा ७,९४८ ला जातो, खेडा खरेदीपेक्षा जवळपास बाराशे रुपये जास्त. पण त्यासाठी ॲपवर नोंदणी लागते, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कापूस लागलेला असावा लागतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. ज्याचं पीककर्ज थकलंय त्याला भीती असते की बँक ते पैसे वळते करून घेईल. जो दुसऱ्याची जमीन मक्त्यानं करतो त्याच्या नावावर सातबाराच नसतो. मग तो आपला कापूस मालकाच्या नावावर घालतो, नाहीतर गावात विकतो.

हे सगळं फळ्यावर आलं की "व्यापारी लुटतो" या एका वाक्याची पाच कारणं होतात, आणि त्यातल्या दोन-तीन कारणांवर गाव स्वतः काहीतरी करू शकतं. इथपर्यंत मुलं आली की अर्धं काम झालं समजा.

आता मुलांना व्यापाऱ्याकडेही पाठवा. हे बऱ्याच शिक्षकांना आवडत नाही, पण याशिवाय प्रामाणिक व्यापार हा विषय एकतर्फी भाषण होतो. व्यापारी सांगेल की पहाटे दवात वेचलेला कापूस गाडीत भरून येतो, काही जण गाठोड्यावर पाणी मारतात, वरच्या थराला पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र माल आणि खाली कवडी (किडका, डागी कापूस) नाहीतर फरदडीचा (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या पिकाचा). खोटं बोलत नाही तो. युरियाच्या रिकाम्या पोत्यात कापूस भरतात, त्या पोत्याचे प्लॅस्टिकचे धागे रुईत जातात, सुतात येतात आणि कापड रंगवलं की तेवढा धागा रंग धरत नाही. सूतगिरणी त्याचे पैसे कापते, जिनिंगवाला (कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारा) व्यापाऱ्याचे कापतो आणि व्यापारी ते सगळ्यांच्याच कटतीत टाकतो. त्यात ज्यानं सुती चादरीत कापूस वेचला तोही भरडला जातो. कटती इतकी वर्षं टिकली त्यामागे हे एक मोठं कारण आहे : माल तपासून वेगवेगळा भाव द्यायची यंत्रणा गावात नाही, म्हणून सरसकट कापून टाकायचं.

जिनिंग पाहायला नेता आलं तर जरूर न्या, मात्र हंगामात, मशीन चालू असताना. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. समजा रुई खंडीला ५५,००० आहे. खंडी ३५६ किलोची, म्हणजे किलोला साधारण १५४ रुपये ५० पैसे. ३४ किलोचे ५,२५३ झाले. सरकी ३५ रुपये धरली तर २,२४०. एकूण ७,४९३. यातून कापसाची किंमत, वीज, मजुरी, व्याज. मुलांचे डोळे दोन ठिकाणी मोठे होतात. एक, जिनवाल्याच्या हाती वाटतं तेवढं राहत नाही. दोन, कापसाच्या भावाचा तिसरा हिस्सा सरकी ठरवते, म्हणून सरकीच्या ढेपेचा (पेंडीचा) भाव पडला की कापूसही पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं, त्याचा आणि आपल्या भावाचा काय संबंध, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी इथेच समजावून सांगावं. पुस्तकातला धडा मुलांच्या कानात अशा वेळी जास्त शिरतो.

विज्ञान शाखेची मुलं म्हणतील आमचं यात काय. त्यांना दोन कामं द्या. शंभर ग्रॅम कापूस प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा आणि ओलावा काढायचा. सकाळी सातला वेचलेला, दुपारी वेचलेला आणि घरात आठ दिवस पसरून ठेवलेला, तिन्ही तपासायचे. दुसरं, एकच पोतं वेगवेगळ्या काट्यांवर वजन करून पाहायचं. वजनमापांचा वैधमापन कायदा २००९ चा आहे. त्याखाली व्यापारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वर्षाला एकदा पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. किती ठिकाणी ते लावलंय, एवढंच मोजलं तरी भौतिकशास्त्राचा छान प्रकल्प होतो.

एक गोष्ट सांभाळा. पोट्ट्यांच्या हातात मोबाईल असतो आणि व्हिडिओ काढून टाकायची घाई असते. ते अजिबात होऊ देऊ नका. ज्याच्या काट्याचा व्हिडिओ निघेल त्याच्याच दुकानात वर्गातल्या कुणाच्या तरी बापाची उधारी असते, आणि त्याचा राग त्या बापावर निघतो. वहीत व्यापारी क्रमांक एक, दोन, तीन असंच लिहायचं. नावं तुमच्याजवळसुद्धा नकोत.

आता अवघड भाग. तुमच्याच वर्गात एका बाकावर अशी मुलगी बसते जिची आई वेचणीला जाते, आणि शेजारी असा मुलगा ज्याच्या शेतात ती जाते. वेचणी समजा किलोला दहा रुपये. क्विंटलला हजार झाले. शेतकऱ्याच्या पोराला ते फार वाटतात, कारण हातात ६,७४९ पडले त्यातला सातवा हिस्सा वेचणीतच गेला. मुलीच्या घरी हिशेब दुसरा आहे : पहिल्या वेचणीत बोंडं भरलेली असतात तेव्हा दिवसाला हात भरपूर चालतो, पण शेवटी झाडावर विखुरलेलं असतं तेव्हा तेवढ्याच तासांत निम्मा कापूस होतो आणि दर मात्र तोच. दोघांनीही आपापला हिशेब फळ्यावर मांडावा. तुम्ही मध्ये निवाडा करू नका. मी हा तास घेतलेल्या एका वर्गात शेतकऱ्याच्याच पोरानं सुचवलं की शेवटच्या वेचणीला किलोवर नको, रोजानं द्यावं. त्याच्या घरी ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यानं ते सगळ्यांसमोर म्हटलं. व्यापाऱ्याला प्रामाणिकपणा शिकवणं सोपं असतं. आपणच ज्याचे मालक आहोत त्याच्याशी कसं वागतो, हे बोलायला हिंमत लागते.

फवारणीही इथेच घ्या. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. तुमच्या काही मुलांना घरून ते माहीत असेल. फेअरट्रेडसारख्या, रास्त व्यापाराची खात्री देणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रमाणनांत संरक्षक साधनं, बालमजुरी, मजुरी यांच्या अटी का असतात हे परदेशी गोष्ट म्हणून सांगितलं तर कंटाळवाणं होतं. आपल्या शेजारच्या गावातल्या फवारणीवरून सांगितलं तर एका वाक्यात पोचतं.

फेअरट्रेडचंच निघालं म्हणून थोडं. त्यात शेतकऱ्यांच्या संघटनेला दोन गोष्टी मिळतात : बाजार पडला तरी खाली न जाणारा किमान भाव, आणि त्याच्यावर प्रीमियम म्हणून वेगळी रक्कम. प्रीमियम कशावर खर्च करायचा हे सभासदांची सर्वसाधारण सभा ठरवते. माझ्या मते त्यातला शिकण्यासारखा भाग हाच आहे, लेबल नव्हे. लेबलाच्या मागे लागलेल्या कित्येक गटांचं पुढे काही झालं नाही, कारण घेणारा गेला की सगळं थांबतं. पण चार पैसे जास्त आले तर ते कुणाला विचारून खर्चायचे, हा प्रश्न बचत गटालाही आहे आणि ग्रामपंचायतीलाही.

मुलांना हे अनुभवायला द्यायचं तर छोटासा खरा व्यापार करायला लावा. कापूस त्याला अवजड पडतो, तूर घ्या. आपल्या भागात सगळीकडे असते आणि डिसेंबर-जानेवारीत घरात येते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल बऱ्याच तालुक्यांत बचत गटांकडे आहे. एक क्विंटल तुरीची साधारण ७० किलो डाळ होते आणि २५ किलो चुणी, म्हणजे जनावरांना घालायचा चुरा. एका वर्गानं असा हिशेब केला : तूर ७,००० ची, डाळ पाडायला ८००, पिशव्या-भाडं ४००, एकूण ८,२००. डाळ शिक्षकांना १२० रुपयांनी विकून ८,४०० आणि चुणीचे ५००, म्हणजे ८,९००. नफा सातशे. सगळे खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली : "पण सर, तुरीचा हमीभाव तर आठ हजार हाये न? मंग आपण सात हजारानं काहून घेतली? आपणबी तेच केलं."

त्या दिवशीचा बाकीचा तास तिनंच घेतला म्हणा. आठ हजारानं घेतली तर खर्च ९,२०० आणि १२० च्या दरात तीनशेचा तोटा. मग डाळ १३० ला विकावी लागेल, तेव्हा चारशे उरतात. शिक्षक १३० देतील का? बाजारातली चमकणारी डाळ स्वस्त असेल तर का देतील? पिशवीवर काय लिहावं म्हणजे देतील, आणि जे लिहू ते खरं असेल का? शेवटी त्यांनी शेतकऱ्याला दिलेला भाव, मिलची मजुरी आणि स्वतःचा नफा, तिन्ही आकडे पिशवीवर छापले. काही शिक्षकांनी घेतली, काहींनी घासाघीस केली. उरलेल्या चारशेचं काय करायचं यावर मुलांची जी भांडणं झाली ती मी आजवर पाहिलेल्या बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक सभांपेक्षा बरी होती. (शाळेनं हे दरवर्षी करायचं ठरवलं तर अन्न परवान्याची साधी नोंदणी करून घ्या. छोट्या विक्रेत्याला वर्षाला शंभर रुपयेच लागतात.)

आता करिअर. वाटेवर जो जो माणूस भेटला त्याला चारच प्रश्न : काम काय करता, इथपर्यंत कसे आलात, सुरुवातीला किती मिळत होतं, आणि माझ्यासारख्यानं यायचं तर काय शिकावं. पगार सांगायला लोक लाजतात, सुरुवातीचा मात्र सांगतात. मुलांच्या वहीत जी यादी होते ती कुठल्याही छापील पुस्तिकेपेक्षा चांगली असते. जिनिंगमध्ये ग्रेडर आणि मशीनचा फिटर, ज्यांना हंगामात मान असतो. नागपुरात सिरकॉटचं (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, हे पोरांना माहीतच नसतं. गोदामात नमुने काढणारा आणि प्रतवारी करणारा. सेंद्रिय गटाचा अंतर्गत निरीक्षक, जो शेतोशेती फिरून नोंदी ठेवतो. दहावीनंतरचा कृषी तंत्रनिकेतनचा पदविका अभ्यासक्रम आणि बारावीनंतर सीईटी देऊन बी.एस्सी. कृषी हे दोन रस्ते सगळे सांगतात. वैधमापन निरीक्षक नावाचं पद मात्र स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनाही ठाऊक नसतं, त्याला विज्ञानाची भौतिकशास्त्रासह किंवा अभियांत्रिकीची पदवी चालते. ज्या पोरानं काट्यांचा प्रकल्प केलाय त्याला ते पद पाठ करावं लागत नाही.

वाणिज्यच्या मुलांसाठी तर हा सोन्यासारखा काळ आहे आणि त्यांना कुणी सांगत नाही. केंद्राची दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना २०२० मध्ये आली, गावोगाव कंपन्या नोंदल्या गेल्या. कायद्यानं निदान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात, आणि एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. पण हिशेब लिहिणारा, जीएसटी भरणारा, सभेचं इतिवृत्त नीट ठेवणारा माणूस तालुक्यात सापडत नाही. यातल्या कित्येक कंपन्या कागदावर राहिल्या त्या भावामुळे कमी आणि हिशेबामुळे जास्त, असं माझं मत आहे. टॅली येणारी आणि शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारी मुलगी अशा कंपनीला पाहिजेच असते. पगार सुरुवातीला फार नसतो, हेही खरं सांगा. अशी एखादी कंपनी दाखवायला नेणार असाल तर बक्षीस मिळालेली, फोटो लावलेली नको. अडखळत चाललेली निवडा. तिथे अध्यक्ष खरं बोलतो.

पोलीस भरतीवाल्यांची चेष्टा होऊ देऊ नका. घरची गरज असते. फक्त एवढं करा की पळणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत भरतीशिवाय दुसरं एक नाव असावं, ज्या माणसाला तो स्वतः भेटलाय.

राहिलं गावातलं पुढारपण. यात सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण आपल्याकडे पुढारी म्हणजे फलकावरचा फोटो. मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत, ग्रामसभेत मत नाही, निवडणूक तर एकविसाव्या वर्षाशिवाय लढता येत नाही. मग त्यांनी काय करायचं? याचं मला माहीत असलेलं उत्तम उत्तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातात आला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. पण त्यामागे गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी वर्षानुवर्षं चालवलेला अभ्यासगट होता, त्याबद्दल कमी बोललं जातं. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरच्यानंही, माहिती गोळा करावी, वाद घालावा. निर्णय मात्र तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभा करते, आणि तोही सर्वांची सहमती झाल्यावरच.

तुमची मुलं म्हणजे गावाचा अभ्यासगट. मोजायचं, मांडायचं, प्रश्न विचारायचा, ठरवायचं गावानं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सरपंचांना आधी भेटून दहा मिनिटं मागून घ्या. त्याआधी महिला ग्रामसभा असते, वेचणीच्या दराचं तिथे मांडा, मुलींनी मांडा. बाया तिथे मोकळ्या बोलतात. मागणी मात्र एकच आणि छोटी असावी. भ्रष्टाचार हटवा वगैरे नको. एका गावातल्या मुलांनी मागितलं होतं की ग्रामपंचायतीनं शिक्का असलेली वीस किलोची वजनं विकत घेऊन कार्यालयात ठेवावीत, म्हणजे कुणालाही गावात आलेला काटा तपासता येईल. पैसे फार लागत नाहीत, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, आणि काटेवाल्याला आपोआप कळतं की वजनं गावात आहेत.

तुमच्या काही मुलांची घरं कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, असतील. त्यांच्या घरी कापसापेक्षा तेंदूपत्त्याचा पैसा मोठा असतो. त्यांच्यासाठी हाच प्रकल्प मे महिन्यात फळीवर (पानं गोळा करायच्या केंद्रावर) करता येतो : सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, मोजणी कोण करतो, खराब म्हणून किती पुडे बाजूला काढले, चुकारा कधी झाला. तेव्हा अकरावीचा निकाल लागून मुलं मोकळी असतात. त्यांच्या वह्या जूनमध्ये कापसाच्या वह्यांच्या शेजारी ठेवून वाचा.

वेळापत्रक असं बसतं : उपक्रम अकरावीलाच घ्या, बारावीला नको, त्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीअखेर डोक्यावर असतात. सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली की शेतातला भाग, दिवाळीनंतर पट्ट्या, डिसेंबरात बाजार समिती आणि जिनिंग, जानेवारीत तूर आणि ग्रामसभा. बाजार समितीत मुलींना पाठवताना सोबत घरचं कुणीतरी मोठं माणूस असावं, लिलाव सुरू व्हायच्या आधी पोचावं. सचिवांना दोन दिवस आधी फोन केला तर बहुतेक जण स्वतः फिरवून दाखवतात.

प्रमाणपत्र द्या, मुलांना हवंच असतं. फक्त "उपक्रमात सहभाग घेतल्याबद्दल" असं छापू नका. त्या मुलानं काय केलं तेच लिहा : तीन काटे तपासले, अमुक पट्ट्यांचा हिशेब मांडला, महिला सभेत बोलली. मी कंपनीत माणूस घेताना असा कागद समोर आला असता तर पुढचा प्रश्न त्याच्यावरूनच विचारला असता.